पुलावरच्या शेळ्या

१२ जानेवारी

वहिनी,

मायना काय लिहावा यात माझे तीन दिवस गेले. 'आदरणीय बाई' लिहून पाहिलं, तर रजेचा अर्ज केल्यासारखं वाटलं. तुमचं आताचं नाव लिहावं, तर त्या नावाने मी तुम्हाला कधी हाकच मारलेली नाही. शेवटी एके काळी दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे तेच लिहिलं, आणि खाली सहीसुद्धा घरातल्या तेव्हाच्याच नावाने केलीय. आवडलं नाही तर खोडा आणि पुढचं वाचा, कारण काम तुमच्याशीच आहे. पत्ता तुमच्या जुन्या शाळेच्या ऑफिसातून मिळवला. तिथल्या बाई म्हणाल्या, "गणिताच्या बाई ना? त्या निवृत्त झाल्या, पण आम्ही अजून त्यांना घाबरतो."

तर काम असं. दादाच्या तुकडीतल्या निवृत्त लोकांचं पत्र आलंय. लढाईच्या वेळी त्यांनी नदीवर जो लोखंडी पूल टाकला होता, तो दोन दिवसांत उभा केलेला तात्पुरता पूल होता, आणि लोकांनी तो अडतीस वर्षं वापरला. गेल्या वर्षी तिथे सिमेंटचा पक्का पूल झाला. जुना उतरवला, पण त्याचा एक सांगाडा रस्त्याच्या कडेला ठेवलाय आणि त्यावर तिथे कामी आलेल्या तिघांच्या नावांची पाटी बसवणार आहेत. पाच एप्रिलला कार्यक्रम आहे. सोबत एक छोटी पुस्तिका निघणार आहे. प्रत्येकाबद्दल घरच्यांनी दोनशे शब्द लिहून द्यायचे.

मी अकरा शब्द लिहिलेत. शूर, कर्तव्यदक्ष, हसतमुख वगैरे. परत वाचलं तर ते कुणालाही लागू पडतं. आमच्या समोरच्या टपालवाल्यालासुद्धा लागू पडतं, आणि तो तर हसतमुख अजिबात नाही.

दादा माझा भाऊ बावीस वर्षं होता, तुमचा नवरा चौदा महिने, आणि त्यातले घरी काढलेले दिवस एकाहत्तर. हा आकडा तुम्हीच तेव्हा काढला होता, माझ्या लक्षात आहे. तरी त्याच्याबद्दल तुम्हालाच जास्त माहीत असणार. तेवढी माहिती कळवा. बाकी काही लिहायची गरज नाही.

टाचणी

ता.क. बाबा जाऊन वीस वर्षं झाली, आईला आठ. तुम्हाला कुणी कळवलं नसेल. म्हणजे मीच कळवलं नव्हतं.


२९ जानेवारी

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. पाठ झालंय. 'उंची पाच फूट सात. आवाज मोठा, सूर नाही. चहात तीन चमचे साखर आणि वर विचारायचा की साखर घातली का. बाकी काय हवंय ते सरळ विचार. आणि मला तुम्ही म्हणू नकोस, पत्र चुकून माझ्याकडे आलं असं वाटलं.'

बरं, तू. लिहिताना पहिल्यांदा हात अडखळला, आता चालतोय.

माझं म्हणशील तर मी तिथेच आहे. त्याच रस्त्यावर, जिन्याखालचं दुकान. शाळांचे गणवेश शिवते. दोन मशीन, एक मदतनीस बाई, आणि जून महिन्यात तोंड वर करायला फुरसत नाही. लग्न केलं नाही. एकाने विचारलं होतं, पण त्याला शर्टाची कॉलर उलटी आहे हे आरशात बघूनही कळत नव्हतं. ते जमलं नसतं.

मोठं मशीन तेच आहे, जे दादाने सुटीवर आल्यावर उघडलं होतं. तुला आठवतंय का? मी म्हटलं होतं, नुसता दोरा तुटतोय, बॉबिन बघ. तो म्हणाला, "आम्ही नदीवर पूल टाकतो, हे काय मोठं?" आणि अख्खं मशीन सुटं करून चादरीवर मांडलं. संध्याकाळी परत जोडलं, तेव्हा चार स्क्रू उरले. तो म्हणाला, कंपनीने जास्तीचे दिले असतील. ते मशीन एकोणचाळीस वर्षं त्या चार स्क्रूंशिवाय चाललंय, म्हणजे कदाचित तो खरंच बोलला असेल.

हे पुस्तिकेत लिहिता येईल का? बाबांना चाललं नसतं. बाबांच्या तोंडी दादा नेहमी ताठ उभा असायचा, बंदूक घेऊन. मीसुद्धा तेच सांगत आले. शाळेत गणवेशाची मापं घ्यायला जाते, तेव्हा पोरं विचारतात, तुमचा भाऊ लढाईत होता ना? मी सांगते, शेवटच्या श्वासापर्यंत लढला. पोरं खूश होतात आणि ताठ उभी राहतात, मला छातीचं माप घ्यायला सोपं जातं.

एक गोष्ट मात्र मी तुला आजच सांगून टाकते, नाहीतर माझा धीर जाईल. आईला शेवटच्या काही वर्षांत तुझी फार आठवण यायची. विचारायची, "तिचं काही कळलं का?" पहिल्यांदा मी नाही म्हटलं, तर दोन दिवस जेवली नाही. मग तिसऱ्या दिवशी सांगितलं, पत्र आलंय. मग त्यात काय आहे ते वाचून दाखवावं लागलं. माझ्या हातात विजेचं बिल होतं. त्याच्याकडे बघत बघत मी तुला घर दिलं, बाग दिली, मोठ्या शाळेत बढती दिली. दर महिन्याला आई विचारायची, दर महिन्याला बिल यायचं. मी तुला तीन मुलं दिली, वहिनी. थोरल्याला चष्मा. मधली नाटकात काम करते. धाकटा हट्टी. आईला धाकट्याची काळजी वाटायची. म्हणायची, तिला लिही, त्याला मारू नकोस म्हणावं. मी लिहिलं म्हणून सांगायचे.

तर विचारायचं होतं, खरी किती मुलं आहेत?

टाचणी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

एकच मुलगी, आणि चष्मा आहे. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. आजी होणार आहेस हे वाचून मदतनीस बाईला पण सांगितलं. ती म्हणाली, कोण आजी होणार? मी म्हटलं, आमची वहिनी. ती सोळा वर्षं माझ्याकडे काम करते. तिला मला वहिनी आहे हेच माहीत नव्हतं.

तुझी तीन पानं दुकानात वाचली आणि फार हसले. दादाने पलंग वितीने मोजून आणला आणि तो दारातून आत येईना, मग तुम्ही दोघं पहिला आठवडा व्हरांड्यात झोपलात, हे मला घरात राहून माहीत नव्हतं. मला सांगितलं होतं की वहिनीला आत उकडतं. आणि त्याच्या पत्रातलं ते वाक्य: 'आज आमच्या पुलावरून रणगाडा गेला, पूल हलला नाही. आता तुझ्या आईला घेऊन ये.' हे मी पुस्तिकेत घालणार. तुझी आई असती तर घातलं नसतं.

पण आज मी त्यासाठी लिहीत नाहीये.

काल दुकानात फोन आला. त्या कार्यक्रमाचं बघणारे गृहस्थ, दादाच्या तुकडीत वायरलेसवर होते. आवाज म्हातारा आहे, पण बोलताना अजून प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, समोरच्याने 'ऐकलं' म्हणावं म्हणून. मला वाटलं, हे तिथे होते, यांना विचारावं. विचारलं, "माझ्या भावाने शेवटी किती जणांना रोखून धरलं?"

ते म्हणाले, "ताई, तुम्हाला शेळ्यांचं कुणी सांगितलं नाही का?"

मला सांगितलं होतं, वहिनी. तूच सांगितलं होतंस. बातमी आल्यानंतर दोन महिन्यांनी हेच गृहस्थ तुला शाळेत भेटायला आले होते, आणि त्या दिवशी घरी येऊन तू आम्हाला सगळं सांगितलंस. की पलीकडच्या गावचे लोक पुलावरून अलीकडे येत होते. एका म्हातारीच्या बारा शेळ्या होत्या. पुलाच्या लोखंडी पट्ट्यांमधून खालचं पाणी दिसत होतं, म्हणून शेळ्या पाय टाकेनात, आणि शेळ्यांशिवाय म्हातारी येईना. मग दादाने एकेक शेळी खांद्यावर घेऊन पुलापार नेली. नऊ नेल्या. दहावी आणायला परत गेला, तेव्हा त्या काठावर गोळा पडला.

आणि हे सांगता सांगता तू मध्येच हसलीस.

बाबा उठून बाहेर गेले. आई पदराने तोंड झाकून बसली. मी तुला म्हटलं, "नवरा गेलाय तुझा, टिंगल कसली करतेस?" त्यानंतर आमच्या घरात शेळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. बाबांनी दादाच्या हातात बंदूक दिली आणि मीही ती काढून घेतली नाही.

पुढे तीन वर्षांनी तू दुसरं लग्न करायचं ठरवलंस, आईबाबा गप्प राहिले, आणि तू बॅग घेऊन जिना उतरत होतीस तेव्हा मी वरून जे बोलले, ते तुझ्या कार्डात नाही, पत्रात नाही, पण तू विसरली नसणार. मी म्हटलं होतं, "तू तर तेव्हाच हसली होतीस."

काल वायरलेसवाल्यांनी मला उरलेलं सांगितलं. ते म्हणाले, "मी पुलाच्या टोकाला बसलो होतो. तुमचा भाऊ प्रत्येक शेळीशी बोलत यायचा. नववी फार भांडकुदळ होती. पुढे ओढली तर मागे जायची. शेवटी त्याने उचलली, तशी गप्प झाली. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, 'अगदी माझ्या बायकोसारखी आहे. ओढली तर येत नाही, उचलून घेतली की काही तक्रार नाही.' आम्ही दोघं इतके हसलो की मला वायरलेसवर नीट बोलता येईना. हसत हसतच तो परत गेला. ते मी त्याच्या बायकोला सांगितलं होतं. तेवढंच मला तिला देता आलं."

तू ते ऐकून हसली होतीस. कोण हसणार नाही? आणि सासू-सासऱ्यांसमोर, नणंदेसमोर तू ते वाक्य कसं सांगणार होतीस? उचलून घेतली की काही तक्रार नाही. माझ्या बाबांसमोर?

मी छत्तीस वर्षं चुकीच्या माणसावर रागावले होते. मला माफी कशी मागतात ते नीट येत नाही, सराव नाही. पण मागते.

टाचणी


९ मार्च

वहिनी,

वीस दिवस झाले. तुझं उत्तर नाही. टपालवाला समोरून गेला की मदतनीस बाई माझ्याकडे बघते आणि मी उगाच काज करत असल्यासारखं दाखवते. काल एका शर्टाला सात काजं झाली. बटणं सहाच असतात.

तुला न लिहिण्याचा पूर्ण हक्क आहे. मुलीचे दिवस भरत आलेत, तुझ्यामागे कामं असतील. किंवा तू रागावली असशील. मी असते तर रागावले असते.

पण एक राहिलंय, आणि ते लपवून माफी मागणं म्हणजे एका बाहीचा शर्ट शिवून देण्यासारखं आहे. तुला वाटत असेल की तुकडीच्या लोकांनी मला पत्र का पाठवलं, तुला का नाही. त्यांच्या ऑफिसातून दर काही वर्षांनी एक फॉर्म येतो. नाव, पत्ता, कुटुंबातली माणसं. बाबा गेल्यापासून तो मी भरते. त्यात 'पत्नी' असा एक रकाना असतो. मी त्यात रेघ मारायचे. एकदा नाही, पाच वेळा. लग्न केलंस म्हणून तू त्याची बायको झालीच नव्हतीस असं होत नाही, हे मला त्या प्रत्येक वेळी कळत होतं. तरी रेघ मारली. पट्टी लावून, सरळ.

मागच्या आठवड्यात मी त्यांना लिहिलं. त्या रकान्यात तुझं नाव दिलं, जुनं आणि आताचं दोन्ही. पाटीवरचा पडदा मी बाजूला करावा असं त्यांचं म्हणणं होतं. मी कळवलं की ते काम माझं नाही, माझ्या वहिनीचं आहे, आणि ती आली नाही तर त्यांनी दुसरं कुणी शोधावं. तुझ्यावर जबरदस्ती म्हणून हे सांगत नाहीये. ओढलं तर तू येत नाहीस, हे आता मला साक्षीदाराकडून कळलंय.

दोनशे शब्दांचं मी ठरवलंय. शेळ्यांचं लिहिलंय. तुझं वाक्य घातलेलं नाही, ते तुझं आहे. सोबत प्रत पाठवते. दोनशे चौदा झालेत. गणिताच्या बाईंनी चौदा कमी करून द्यावेत.

टाचणी


२२ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. चार पानांपैकी पहिल्या तीन पानांत तू मला झापलंयस. सगळं बरोबर आहे, एक जागा सोडून. जिन्यावर मी निळा नाही, हिरवा ड्रेस घातला होता. कपड्यांच्या बाबतीत माझी आठवण चुकत नाही.

तू लिहितेस की माझ्या बोलण्यापेक्षा तुला आईने खिडकी लावून घेतली त्याचं जास्त लागलं होतं. वहिनी, खिडकी आईने लावली कारण ती रडत होती आणि तू बघू नयेस असं तिला वाटत होतं. मी मागेच उभी होते. हे मी तुला तेव्हाच जिना उतरून सांगायला हवं होतं. बावीस पायऱ्या आहेत फक्त.

तिसऱ्या पानाच्या शेवटी तू म्हणतेस, 'मुलीला मुलगी झाली, सगळं ठीक, म्हणून उत्तराला उशीर. रागावण्यासाठी मी इतका वेळ घेत नाही.' हे वाचून मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. गिऱ्हाईकांना वाटलं, काहीतरी वाईट झालं. मग मी सगळ्यांना चहा पाजला.

आणि चौथं पान तुझ्या अक्षरातलं नाही. 'गाडीत मागे जागा आहे. चार तारखेला सकाळी सात वाजता तुमच्या दारात. तयार राहावे. मागच्या सीटवरचा पट्टा लावावा लागेल.' खाली सही नाही. हे मास्तर का? तू लिहिलं होतंस की सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, गाडी चालवायला शिकवतात म्हणून. मी त्यांना एकदाच पाहिलंय, छत्तीस वर्षांपूर्वी, खाली रस्त्यावर. ते तुझी बॅग घ्यायला आले होते आणि मी वरून बघून न बघितल्यासारखं केलं होतं. त्यांना हे आठवत नसलं तर बरं.

सातला नाही, पावणेसातला तयार असेन.

टाचणी


९ एप्रिल

चि. सौ.,

तू मला ओळखत नाहीस. तुझी आई म्हणाली, "कार्यक्रमाचं माझ्या लेकीला तूच लिहून पाठव. मी सांगितलं तर मी अर्धंच सांगेन." मी विचारलं, कुठलं अर्धं? ती म्हणाली, "हसण्याचं." म्हणून सगळं लिहिते. बाळ झोपलं की वाच.

तुझे बाबा बरोबर पावणेसातला आले. सात सांगितलं होतं, पण त्यांना माझा स्वभाव पत्रावरूनच कळला असं ते म्हणाले. तुझी आई गाडीतून उतरली आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहिलो. मी काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "बारीक झालीस." मी म्हटलं, "तू नाही झालीस." मग तुझे बाबा म्हणाले, "बायांनो, गाडी नो पार्किंगमध्ये आहे." झालं, एवढ्यात सगळं उरकलं.

सहा तासांचा रस्ता. गाडी पहिले तीन तास तुझ्या आईने चालवली. तुला माहीतच असेल, तुझे बाबा शेजारी बसले तरी पायाने ब्रेक दाबतात, जिथे ब्रेक नाही तिथे. प्रत्येक वळणावर त्यांच्या पायाखालची चटई कुरकुरायची. तुझी आई म्हणाली, "तेहतीस वर्षं झाली मला लायसन मिळून." ते म्हणाले, "मीच दिलंय, म्हणून तर." मागे बसून मी इतकी हसले की पट्टा आवळला.

मध्ये चहाला थांबलो. तुझी आई हात धुवायला गेली, तेव्हा मी तुझ्या बाबांना म्हटलं, "त्या दिवशी मी वरून तुमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं होतं." ते कपात साखर ढवळत म्हणाले, "हो. हिरवा ड्रेस." बस, एवढंच. मग म्हणाले, "मला एक सांगा, हा तुमचा दादा गाडी कशी चालवायचा?" मी म्हटलं, "भयंकर." त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

रात्री तिथल्याच एका लॉजवर राहिलो आणि सकाळी नदीवर गेलो. नदी मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. नवा पूल रुंद, पांढरा. त्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला तो जुना लोखंडी सांगाडा, माणसापेक्षा उंच, हिरवा रंग दिलेला. दोन्ही काठांवरच्या गावांतून चारेकशे माणसं आली होती. वायरलेसवाले आजोबा छडी टेकत आले आणि तुझ्या आईला म्हणाले, "ओळखलंत?" ती म्हणाली, "तुम्हीच तेवढे होतात ज्यांनी मला खरं सांगितलं." दोघं बराच वेळ हात धरून उभे होते. मी पाण्याकडे बघत राहिले.

तिथल्या एका साहेबांनी तुझ्या बाबांना विचारलं, "आपण कुटुंबापैकी?" ते म्हणाले, "मी ड्रायव्हर." आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. तुझ्या आईने वळून पाहिलं. तिला ते आवडलं नव्हतं.

इतर दोन घरांतली माणसं बोलली. मग माझे दोनशे शब्द वाचले, बरोबर दोनशे, तुझ्या आईने काटछाट केलेले. शेळ्यांचं आलं तशी लोकांत कुजबुज झाली. त्यांना ते आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग तुझी आई उठली. बोलणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. माईक हातात घेऊन तिने वर्गात बोलावं तसं सांगितलं, "यात एक वाक्य राहिलंय." आणि ते वाक्य सांगितलं. तुला ते मी लिहिणार नाही, तिच्याकडूनच ऐक. चारशे माणसं एका क्षणात हसली. एक हसणं सगळ्यांच्या वर ऐकू येत होतं. मी वळून पाहिलं, तर ते तुझे बाबा होते. डोळे पुसत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "खरं आहे हो, अगदी खरं आहे."

आता पडद्याचं. तो मी शिवला होता. माप फोनवर घेतलं होतं, पण चाळीस वर्षं मी वाढत्या पोरांचे कपडे शिवतेय, हात आपोआप दोन इंच जास्त धरतो. पाटी काही वाढणार नव्हती. ते दोन इंच खालच्या बोल्टमध्ये जाऊन अडकले. तुझ्या आईने दोरी ओढली, पडदा हलेना. तिने मला बोलावलं, दोघींनी ओढली. साहेबांनी ओढली. मी टीप दुहेरी घातली होती, फाटेल कसा? वाजंत्र्यांनी तीच ओळ चार वेळा वाजवली.

तेव्हा तुझी आई माईकशिवाय, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, ड्रायव्हर. या इकडे."

ते आले. वाजंत्र्याची खुर्ची घेतली, तिच्यावर चढले, बोल्टमधून कापड सोडवलं. कापड सुटलं ते थेट त्यांच्या डोक्यावर पडलं, आणि ते पडद्यात गुंडाळलेले तसेच खुर्चीवर उभे राहिले. सगळे परत हसले. त्यांनी तो डोक्यावरून काढला. केस उभे राहिलेले. समोर पाटी, नाकाच्या अंतरावर. मग कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ती वाचायला सुरुवात केली. तिन्ही नावं, एकेक करून, मोठ्याने, सावकाश. दादाचं नाव दुसरं होतं. वाचताना त्यांनी चष्मा नीट केला, म्हणजे चूक होऊ नये. तोपर्यंत सगळं शांत झालं होतं. मी माझ्या भावाचं पूर्ण नाव इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून इतकं नीट ऐकलं नव्हतं.

तुझी आई तेव्हा रडली. हे अर्धं ती तुला सांगणार नव्हती, मला माहीत आहे. खुर्चीवरून उतरायला तिनेच त्यांना हात दिला, आणि मग तो हात कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. साहेबांनी परत कुणालाही, आपण कोण, असं विचारलं नाही.

नंतर गावकऱ्यांनी आम्हाला घेरलं. त्या नवव्या शेळीचं दूध आपण लहानपणी प्यायलोय असं सांगणारे मला सात जण भेटले. एका शेळीला इतकं दूध असणं शक्य नाही, पण मी कुणालाच टोकलं नाही.

परतीच्या वाटेवर तुझी आई मागे माझ्याजवळ बसली आणि झोपून गेली, माझ्या खांद्यावर. तुझे बाबा चालवत होते. मी म्हटलं, "ही म्हणतेय लेकीला पत्र लिही. पण ती मला विचारेल, तुम्ही माझ्या कोण? तिला काय सांगू? मी तिची कुणीच लागत नाही."

ते म्हणाले, "आत्या."

मी म्हटलं, "मास्तर, आत्या म्हणजे बाबांची बहीण."

त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं, गियर बदलला आणि म्हणाले, "मग?"

तर आता असं कर. बाळाची उंची, छाती आणि हाताची लांबी एका कागदावर लिहून पाठव. टेप सैल धर, रडली तर घाई करू नकोस. दोन इंच जास्त धरून शिवीन. ती वाढणारच आहे.

तुझी आत्या